वीस हजार गिऱ्हाइकं आणि माझी बायको

सोमवार, ४

लिलावाच्या चाचणीचं काम बाईंनी माझ्या बायकोला दिलं. सगळ्यांसमोर, सकाळच्या बैठकीत, तोंडात बिस्किटाचा तुकडा असताना. बाई म्हणजे आमच्या कंपनीच्या मालकीण. महत्त्वाचं काहीही त्या खाता खाताच सांगतात.

"वेबसॉकेटची स्क्रिप्ट तुम्ही लिहा," बायकोला म्हणाल्या. "तुमचा हात चांगला बसलाय त्यात." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही आपली नेहमीची पानं बघा. तीही बघायला कुणीतरी हवंच ना."

कुणीतरी! दहा वर्षं या कंपनीतली एकूण एक चाचणी मी केलेली आहे. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बसून, गिऱ्हाइकांनी टाकून दिलेली पुस्तकं वाचून शिकलो. आणि बायकोला जावास्क्रिप्ट कुणी शिकवलं? मी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, ती मटार सोलत असताना. "कंस उघडलास की आधी बंद कर" हे मी तिला इतक्यांदा सांगितलंय, की लेक माझ्या आवाजात ते म्हणून दाखवते.

कामाचं स्वरूप लिहून ठेवतो. जुनी यंत्रं, ऑफिसची टेबलं-कपाटं असलं सामान ऑनलाइन लिलावात विकायची व्यवस्था आम्ही बनवतो. पुढच्या महिन्यापासून एक मोठी कंपनी आमच्याकडे लिलाव करणार. एकाच वेळी वीस हजार माणसं बोली लावतील. तेवढा भार सर्व्हरला झेपतो का, हे वीस हजार खोटी गिऱ्हाइकं सोडून आधी बघायचं. अहवाल पंधरा तारखेला. त्यानंतर चाचणी प्रमुख नेमायचा आहे, असंही बाई दुसऱ्या बिस्किटाबरोबर बोलल्या.

प्रमुख मीच होणार असं मी धरूनच चाललो होतो. अजूनही चाललोय.

मला हेवा वगैरे वाटत नाही. शिष्य पुढे गेला की गुरूला आनंद होतो. तो अजून व्हायचा आहे, एवढंच.

बुधवार, ६

वेबसॉकेटबद्दल दोन दिवस वाचलं. साध्या पानाचं गणित सरळ असतं. आपण मागायचं, सर्व्हरने द्यायचं, लाइन बंद. एक प्रश्न, एक उत्तर. सभ्य माणसासारखं. वेबसॉकेटमध्ये लाइन एकदा जोडली की जोडलेलीच राहते आणि दोन्हीकडून कुणीही, कधीही बोलू शकतं. सर्व्हरच्या मनात आलं की तो न विचारताच "भाव वाढला", "वस्तू गेली" असं ओरडत सुटतो. न विचारता बोलणं मला यंत्राचंही आवडत नाही.

दुपारी बायको सर्व्हरवाल्याच्या टेबलाशी बसली होती. सर्व्हर लिहिणारा हा गडी आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर बशीएवढं घड्याळ. मला "गुरुजी" म्हणतो. आदराने नव्हे. दोघांची डोकी एका स्क्रीनवर वाकलेली, हातवारे चाललेले. ती परत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते.

घरी जाताना विचारलं, "काय चाललं होतं एवढं?"

"काही नाही. सर्व्हर."

"दुपारभर सर्व्हर?"

"ऐकून घेत नाही हो तो माणूस," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुम्ही आज डबा परत आणलात. जेवला का नाहीत?"

विषय बदलला. मी नोंद घेतली.

शुक्रवार, ८

बायकोने स्क्रिप्ट दाखवली. मी मागितली नव्हती. लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली. "जरा नजर टाका ना. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही."

नजर टाकली. दोन ठिकाणी रिकाम्या जागा कमी-जास्त होत्या, त्या दाखवल्या. एका बदलत्या किमतीला तिने न बदलणाऱ्या किमतीचं नाव दिलं होतं, तेही दाखवलं. ती "अरेच्चा" म्हणाली. बाकी लिहिलंय बरं. फार बरं लिहिलंय. आधी जोडणी, जोडली गेली का याची तपासणी, मग लिलावात शिरण्याचा मेसेज, मग येईल तो मेसेज उघडून त्यात काय आहे हे बघून पुढचं वागणं. प्रत्येक बोलीला तिने स्वतःचा क्रमांक दिलाय. मी विचारलं, "ही क्रमांकाची कटकट कशाला?" ती सांगायला लागली तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

खरी गंमत गिऱ्हाइकांची. मी असतो तर वीस हजार एकसारखी सोडली असती. हिने तीन जाती केल्यात. एक "घाईवाला", भाव कळला की लगेच बोली. एक "बघ्या", नुसता बसून राहतो. आणि तिसरा "हट्टी". लाइन तुटली की हा क्षणभरही थांबत नाही, पुन्हा पुन्हा दार वाजवतो. दुसऱ्यांचे भाव ऐकत नाही. आपला आकडा नाकारला गेला की तोच परत पाठवतो. मग रुसल्यासारखा गप्प बसतो आणि काही झालंच नाही अशी छोटीशी बोली लावून परत येतो. या एका माणसावर तिने अख्खं पान खर्च केलंय! बारकावे असे, की रोज समोर बसून बघितल्याशिवाय कुणाला सुचणार नाहीत.

"हा कोण?" मी विचारलं.

"आहे एक ओळखीतला," ती हसायला लागली. पलीकडे लेक सोफ्यावर मोबाइल घेऊन लोळत होती, तीही फिस्सकन हसली.

"बाबा, हे पात्र आवडलं का तुम्हाला?"

"मूर्ख माणूस दिसतो," मी म्हणालो. दोघी आणखीच हसल्या.

म्हणजे लेकीलाही माहीत आहे. रोज समोर कोण बसतं हिच्या? सर्व्हरवाला. ऐकून कोण घेत नाही? तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. एखाद्याच्या रुसण्यापर्यंतचा अभ्यास बाईमाणूस कधी करतं, हे मला कुणी शिकवायला नको.

रविवार, १०

माझी स्क्रिप्ट लिहून काढली. सकाळी बसलो, ऊन उतरायला उठलो. मध्ये ताट आलं, चहा आला, टेबल पुसलं गेलं. लेक आणि ती बाजार करून आल्या, कपडे वाळत घातले, पंख्याची जाळी धुतली. मी मान वर केली नाही. काम असं करायचं असतं.

माझी पद्धत साधी. गिऱ्हाईक जोडायचं, बोली पाठवायची, घड्याळ सुरू. पुढचा मेसेज आला की घड्याळ बंद. मधला वेळ म्हणजे उत्तराचा वेळ. जाती नाहीत, क्रमांक नाहीत, नखरे नाहीत.

निकाल बघून खुर्चीतून उठून एक फेरी मारून आलो. शंभर गिऱ्हाइकांना उत्तर लवकर. हजारांना आणखी लवकर. वीस हजारांना तर डोळ्याचं पातं लवायच्या आत! गिऱ्हाइकं जितकी जास्त, तितका सर्व्हर चपळ. असं दहा वर्षांत पाहिलेलं नाही. बायकोच्या मोजणीत मात्र बारा हजारांच्या पुढे बोलीचं उत्तर पाच-पाच, सात-सात सेकंद येत नाही म्हणे. येईल कसं? हट्टी माणसांत अडकलीय ती.

मंगळवार, १२

बाईंना अहवाल दाखवला. त्यांनी अख्खं बिस्कीट बशीत परत ठेवलं. "मग अडलंय कुठे? शुक्रवारी हाच पाठवू."

बातमी सर्व्हरवाल्याला कळली आणि तो उठून माझ्या टेबलापर्यंत चालत आला. तो कुणाच्याही टेबलापर्यंत जात नाही. "वा गुरुजी! शेवटी अनुभव तो अनुभव. मी तुमच्या मॅडमना आठवडाभर सांगतोय, सर्व्हर ठणठणीत आहे, तुमच्या स्क्रिप्टमध्येच काहीतरी गडबड आहे. तर माझ्यावरच आवाज चढवतात." मग माझ्यासाठी कॉफी आणली. साखर घालून, ढवळून.

माणूस वाटतो तेवढा वाईट नाही.

बायकोने माझी स्क्रिप्ट उघडून वाचली. खालपर्यंत, मग परत वरून. आजूबाजूला कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, "अहो, हे जे उत्तर धरलंय तुम्ही, ते तुमच्याच बोलीचं कशावरून?"

"मी विचारलं, ते बोललं. मग कुणाचं असणार?"

"तिथे एकाच वेळी सगळे बोलत असतात."

"तुझ्या मित्राचा सर्व्हर चांगला निघाला, तर तुला आनंद व्हायला हवा."

"माझा कोण?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या बंद पडलेल्या यंत्राकडे बघतात. मग उठून गेली.

खरं दुखणं मला कळलं. तो तिची बाजू सोडून माझ्याकडे आला, हे तिला लागलंय.

बुधवार, १३

घरात अबोला. मी भाजीत मीठ कमी आहे असं बोललो, तेही भिंतीला. लेक मध्ये बसून आमचे निरोप पोचवत होती. "आई, बाबा म्हणतात मीठ. बाबा, आई म्हणते डबा तुमच्या हाताशी आहे." शेवटी वैतागून म्हणाली, "बाबा, तुम्हाला आई जिंकलेली बघवत नाही का हो?"

"कोण जिंकतंय, कोण हरतंय? काम आहे ते."

"मग तिने काय विचारलं होतं, ते एकदा करून बघा की. काम आहे ना?"

आवाज चढवला मी. मग अंघोळीला गेलो. बाहेर येऊन, उद्या पाऊस येईल का, असं सगळ्यांना मिळून विचारलं.

गुरुवार, १४

लेकीला खोटं पाडायला म्हणून करून बघितलं.

ऑफिसात सगळे जेवायला गेले होते. आधी, यादीत नसलेल्याच वस्तूवर बोली लावली. अशी बोली सर्व्हर उत्तर न देता फेकून देतो, हे नियमात लिहिलेलं आहे. माझी स्क्रिप्ट म्हणाली, उत्तर आलं. मिलिसेकंदात. मग बोलीच्या जागी नुसतं "बटाटे" लिहिलं. वीस हजार गिऱ्हाइकांनी मिळून "बटाटे" पाठवलं. त्यालाही उत्तर आलं, पातं लवायच्या आत. सगळं यशस्वी. शंभर टक्के.

माझ्या बोलीला उत्तर येतच नव्हतं. दुसऱ्याच कुणाचा तरी भाव, नाहीतर नवं कोण आत आलं, हे सर्वांना ओरडून सांगितलं जात होतं, आणि माझ्यानंतर जे कानावर पडलं ते मी माझंच उत्तर समजत होतो. गर्दी वाढली की ओरडा वाढतो, म्हणून निकाल लवकर. दहा वर्षं एका प्रश्नाला एक उत्तर मोजून माझा कान तसाच झालाय.

हे मला तिने परवा एका वाक्यात विचारलं होतं. आणि शुक्रवारीच सांगितलं असतं, कुकर वाजला नसता तर. कुकर बंद झाल्यावर मी परत विचारलं नाही.

संध्याकाळी ती स्वतःहून बोलली. "उद्याच्या बैठकीत मी काही बोलणार नाही. तुमच्या अहवालाबद्दल जे काही आहे, ते तुम्ही बोला."

"काय आहे माझ्या अहवालात?"

"ते तुम्हीच बघा," म्हणाली आणि वाळलेले कपडे गोळा करायला गॅलरीत गेली.

बटाट्यांचं सांगितलं नाही. तिला माहीत आहे की नाही? आणि समजा उद्या मी गप्प बसलो, तर? अहवाल जाईल, मी प्रमुख होईन. लिलाव सुरू झाला की बारा हजारांच्या पुढे सगळं ठप्प होईल. तेव्हा सर्व्हरवाला सापडेल, मी नाही. ही शक्यता मी चांगली तासभर मनात घोळवली. गोड लागत होती, हेही लिहून ठेवतो.

शुक्रवार, १५

बैठक. बाई, सर्व्हरवाला, आम्ही दोघं. बशीत बिस्किटं.

बाई म्हणाल्या, "तर मग यांचा अहवाल पाठवते. कुणाला काही बोलायचंय?"

सर्व्हरवाल्याने दोन्ही हात डोक्यामागे घेतले. बायकोने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिच्या पिशवीत तिचा अहवाल होता, त्याची कडा मला दिसत होती. तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटांत माझी वाट लागली असती, आणि खुर्ची तिला मिळाली असती. ती गप्प. माझ्यासाठी गप्प.

आणि मला ते सहन झालं नाही. कौतुकाने नाही, लाजेनेही नाही. स्क्रिप्ट हिची चांगली, शंका हिची बरोबर, आणि आता मोठं मनही हिचंच? माझ्या वाटणीला काय ठेवणार आहे ही?

"पाठवू नका," मी म्हणालो. "तो अहवाल चुकीचा आहे."

सर्व्हरवाल्याचे हात खाली आले. "गुरुजी, काय बोलताय?"

मी लॅपटॉप वळवला आणि बटाटे चालवून दाखवले. वीस हजार बटाटे, सगळे यशस्वी. बाई स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "हे विकायला आहेत का?"

"नाहीत. तेच तर."

मग सगळं सांगितलं, क्रमांकाविना उत्तर ओळखता येत नाही इथपर्यंत. सर्व्हरवाला म्हणाला, "एका चुकीच्या स्क्रिप्टवरून माझा सर्व्हर वाईट ठरत नाही." तेव्हा कुठे बायकोने पिशवीतून तिचा अहवाल काढला आणि त्याच्यापुढे सरकवला. आवाज चढवला नाही.

बाईंनी विचारलं, "चूक सापडली कुणाला?"

"यांना," बायको म्हणाली.

"हिला," मी म्हणालो. एकाच वेळी.

"घरी ठरवा आणि मला कळवा," बाई म्हणाल्या आणि शेवटचं बिस्कीट घेतलं.

लिलाव दोन आठवडे पुढे. सर्व्हरवाल्याला दुरुस्ती. मला जाताना तो काही म्हणाला नाही, गुरुजीसुद्धा नाही.

सोमवार, २५

सर्व्हर दुरुस्त झाला. तिच्या स्क्रिप्टने वीस हजार सोडले. हट्टी धरून सगळ्यांना आपापल्या बोलीचं उत्तर वेळेत मिळालं.

चाचणी प्रमुख ती झाली. टाळ्या वाजल्या. हिशेब बघणारा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शेवटी तुमच्याच हाताखाली तयार झालेल्या ना?" मी "हो" म्हणालो. आणि लगेच जाणवलं, की उद्यापासून तिच्या हाताखाली तयार व्हायची पाळी माझी.

टाळ्या मी पण वाजवल्या. इतरांपेक्षा थोड्या जास्त वेळ, म्हणजे कुणी माझ्याकडे बघत असेल तर दिसावं.

सर्व्हरवाल्याशी तिचं काही नव्हतं, हे आता मला पटलंय. त्याचं अभिनंदन तिने चेहराही न बदलता घेतलं. पण ते पटल्यावरही जळजळ कमी झाली नाही. म्हणजे ती त्याच्यामुळे नव्हतीच.

रविवार, ३१

आठवडाभर नीट वागलो. प्रमुखांना विचारून रजा घेतली, प्रमुखांना विचारून चाचणीच्या टूलची नवी आवृत्ती घातली. घरी भाजीला नावं ठेवली नाहीत. तरी दुपारी ती चहा घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "काय होतंय तुम्हाला? सरळ सांगा."

सांगून टाकलं. "मला तुझा हेवा वाटतो. फार वाटतो. सकाळी तू कॉम्प्युटर उघडतेस, त्या आवाजापासून वाटायला लागतो."

वाटलं होतं, रडेल किंवा रागावेल. तिने चहात बिस्कीट बुडवलं. ही सवय बाईंची.

"माहितीय," ती म्हणाली. "मला दहा वर्षं तुमचा वाटत होता."

"माझा? कधी बोलली नाहीस."

"बोलत होते. तुमचं लक्ष नव्हतं."

"नक्की कशाचा?"

"नक्की म्हणजे, सांगू का खरंच?"

"सांग. एकेक करून." मी उठून ही वही आणली. अशा गोष्टी आठवणीवर सोडू नयेत. मध्ये बोलायचं नाही असंही ठरवलं, आणि दोनदाच मोडलं.

ती म्हणाली, एक, तुम्ही चुकलात तर आवाज वाढतो, मी चुकले तर माझा कमी होतो, त्या आवाजाचा. दोन, ऑफिसात लोक उठून तुमच्या टेबलापाशी येत, त्याचा. तीन, तुम्ही तुमचं तुम्ही शिकलात, त्याचा. "'यांना मी शिकवलं' असं तुमच्याबद्दल कुणालाच म्हणता येत नाही. मला रोज ऐकावं लागतं." इथे मी काहीतरी बोलणार होतो. लेक आतून ओरडली, "बाबा, कंस बंद करा!"

चौथी गोष्ट सांगताना ती खिडकीकडे बघून बोलली आणि बराच वेळ बोलली. त्यात माझं ताट, चहा, दिवसभर मान वर न करणं असं काय काय आलं. मी थोडक्यात लिहून घेतलं.

तिने वही स्वतःकडे ओढली. चष्मा लावून तीन ओळी वाचल्या, मान डोलावली. चौथीपाशी बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंय? घरकाम?"

"तेच सांगत होतीस ना?"

"नाही. मी तसं म्हणाले नाही. नीट लिहा."

"मग काय लिहू?"

तिने सांगितलं. मी खोडलं आणि वर लिहिलं.

४. ~~घरकाम~~ रविवार.